एकच 'पर्वुलुस': व्हर्जिलच्या महाकाव्यातील एका लघुत्वदर्शक विशेषणाचा विचार

व्हर्जिलच्या 'ईनिड' या महाकाव्याच्या बारा सर्गांत मिळून ९,८९६ ओळी आहेत. एवढ्या विस्तारात लघुत्वदर्शक प्रत्यय लागलेले विशेषण एकदाच येते. ते चौथ्या सर्गातील ३२८ व्या ओळीत आहे आणि डायडोच्या तोंडी आहे. ईनियस आपल्याला न सांगता कार्थेज सोडून निघण्याच्या तयारीत आहे, हे कळल्यावर ती त्याला जाब विचारते. आरोप, आर्जव, शपथा, उपकारांचे स्मरण अशा वळणांनी गेलेल्या या बोलण्याच्या अगदी अखेरीस ती एक इच्छा बोलून दाखवते. तो पळून जाण्याआधी त्याच्यापासून आपल्याला निदान एखादे मूल झाले असते, आपल्या दालनात एखादा छोटा ईनियस खेळत असता, आणि काहीही झाले तरी त्याच्या चेहऱ्यातून बापाची आठवण राहिली असती, तर आपण अगदीच जिंकून टाकून दिलेल्या ठरलो नसतो, असे तिचे म्हणणे आहे. यातील 'छोटा' या ठिकाणी मूळ शब्द 'पर्वुलुस' असा आहे.

आर. जी. ऑस्टिन यांनी चौथ्या सर्गावरील आपल्या १९५५ च्या टीकाग्रंथात या शब्दाच्या एकटेपणाकडे लक्ष वेधले आहे. व्हर्जिलचे अभ्यासक तेव्हापासून हा शब्द कोमलतेचा परमबिंदू म्हणून दाखवत आले आहेत. हे वाचन चुकीचे नाही. पण ते अपुरे आहे. कोमलता हा परिणाम झाला. तो कोणत्या साधनाने घडवला गेला आणि त्या साधनाने डायडो आपल्या वादात नेमके काय सिद्ध करू पाहते, हे प्रश्न त्यामुळे बाजूला राहतात. 'पर्वुलुस' हा शब्द महाकाव्याच्या भाषेतला नाही. तो घरातला आहे, आणि त्याहूनही नेमके सांगायचे तर विवाहगीतातला आहे. आपला विवाह झालाच नव्हता असे म्हणू पाहणाऱ्या पुरुषासमोर डायडो तो उच्चारते, ही गोष्ट येथे निर्णायक मानली पाहिजे.

लॅटिनमध्ये 'पर्वुस' म्हणजे लहान. त्याला '-उलुस' हा प्रत्यय लागून 'पर्वुलुस' होते. याच पद्धतीने 'मिसेर' म्हणजे दुःखी, यापासून 'मिसेल्लुस', आणि 'पाल्लिदुस' म्हणजे फिकट, यापासून 'पाल्लिदुलुस' अशी रूपे सिद्ध होतात. नामाला लागलेला असा प्रत्यय वस्तूचा आकार दाखवू शकतो. लहान पुस्तक, लहान शेत असे म्हणता येते. विशेषणाला तो लागला की आकाराची भाषा फारशी चालत नाही. फिकटपणा लहान कसा असेल? कॅटलसने आपल्या मृत भावाच्या पावलाला, विस्मृतीच्या नदीचे पाणी ज्याला स्पर्शून जात आहे त्या पावलाला, 'पाल्लिदुलुस' म्हटले आहे. तेथे ना पाऊल लहान आहे, ना फिकटपणा कमी. कमी झाले आहे ते फक्त बोलणारा आणि ते पाऊल यांच्यातले अंतर. उलट सिसेरो आपल्या पत्रांत क्लोडियसच्या 'पुल्खेर' म्हणजे सुंदर, या कुलनामाला हाच प्रत्यय लावून 'पुल्खेल्लुस' करतो, तेव्हा त्याला शुद्ध तुच्छता अभिप्रेत असते. त्याच पत्रव्यवहारात आपल्या मुलीचे तुल्लिआ हे नाव तो 'तुल्लिओला' असे करतो. प्रत्ययाचा धर्म तोच, माणूस तोच. भाव मात्र दोन टोकांचे.

भारतीय वाचकाला यात नवल वाटू नये. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात 'क' या प्रत्ययाचे जे अर्थ सांगितले आहेत, त्यांत अज्ञातत्व, कुत्सा आणि अनुकंपा हे अर्थ आधी येतात. अल्पत्व आणि ह्रस्वत्व त्यांच्यानंतर. प्रत्ययाचा मूळ व्यवहार भावनेशी आहे आणि माप हा त्याचा एक भाग आहे, अशी या क्रमाची सूचना घेता येते. अनुकंपेच्या सूत्राला लागूनच पाणिनी नीतीचा, म्हणजे समजूत काढण्याचा, उल्लेख करतो, हे विशेष. ज्याची कीव येते त्याला समजावताना जे भाजलेले धान्य पुढे करायचे, त्या धान्यालाच तेथे प्रत्यय लागतो. प्रत्यय एका ठिकाणी लागावा आणि अनुकंपा दुसरीकडे पोचावी, अशी ही व्यवस्था आहे. डायडोच्या शब्दाचे व्याकरण समजून घ्यायला लॅटिनच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा हे सूत्र जास्त उपयोगी पडते. प्रत्यय लागतो न जन्मलेल्या मुलाला. दया हवी आहे ती बोलणारीला.

आता महाकाव्याच्या शैलीकडे वळायचे. रोमन काव्यव्यवहारात लघुत्वदर्शक रूपे विनोदी नाटकात, पत्रांत, प्रेमकवितेत आणि रोजच्या बोलण्यात मुबलक असत. युद्ध, प्रवास आणि देवतांचे कोप यांचे वर्णन करणाऱ्या षट्पदी छंदात ती अस्थानी मानली जात. 'ईनिड'मध्ये अशी काही नामे आहेत, उदाहरणार्थ वल्ह्याच्या पात्यासाठीचा शब्द. पण त्यांचा लघुत्वार्थ केव्हाच झिजून गेलेला होता. विशेषणांबाबत व्हर्जिल कमालीचा कठोर आहे. ट्रॉय जळत असताना बापाचा हात धरून, त्याच्या पावलांशी आपली पावले न जुळणारा मुलगा मागे चालतो, हे दुसऱ्या सर्गातले दृश्य जागतिक काव्यातील बालचित्रणांत गणले जाते. त्या मुलाला, इउलुसला (म्हणजेच ॲस्केनियसला) व्हर्जिल प्रत्येक वेळी साधे 'पर्वुस' म्हणतो. चौथ्या गोपगीताच्या अखेरीस आईकडे पाहून हसायला सांगितलेल्या नवजात बालकालाही त्याने 'पर्वुस'च म्हटले आहे. खऱ्या मुलांना साधे विशेषण आणि जे मूल नाहीच त्याला प्रत्ययान्त विशेषण, असा हा विभाग आहे.

यावर छंदाचा आक्षेप घेता येईल. 'पर्वुलुस' हा एक गुरू आणि दोन लघू असा गण आहे. ओळीच्या पाचव्या पदात असाच गण अपेक्षित असतो आणि शब्द नेमका तेथेच बसला आहे. सोयीसाठी आला असेल, असे कोणी म्हणावे. पण ही सोय कवीला जवळपास दहा हजार ओळींत दुसऱ्यांदा लागली नाही, एवढे उत्तर पुरेसे आहे.

हा शब्द आला कोठून? कॅटलसचे एकसष्टावे काव्य हे एका तोर्क्वातुसच्या विवाहाचे गीत आहे. वधूला घरातून बोलावणे, मशालींची मिरवणूक, उंबरा ओलांडणे, शय्यागृह असा त्याचा क्रम आहे. त्याच्या शेवटच्या भागात कवी मुलाची इच्छा करतो. एक छोटा तोर्क्वातुस आईच्या मांडीवरून बापाकडे इवलेसे हात पसरून, ओठ थोडे विलग करून हसावा. आणि तो बापासारखा इतका दिसावा, की अनोळखी माणसांनीही ओळखावे व चेहऱ्यानेच आईच्या शीलाची ग्वाही द्यावी. मराठी लग्नात वधूला 'अष्टपुत्रा' होण्याचा जो आशीर्वाद दिला जातो, त्याच जातीचा हा प्रकार. फक्त रोमन कवी आठांवर न थांबता एकाचाच चेहरा रेखाटतो. येथे विशेषण आहे 'पर्वुलुस', आणि ते बापाच्याच नावाला लागलेले आहे. छोटा तोर्क्वातुस, छोटा ईनियस. विशेषण, बापाचे नाव आणि चेहऱ्याचे साम्य या तीन गोष्टी दोन्हीकडे एकत्र याव्यात, हा योगायोग मानणे कठीण आहे.

डायडोच्या भाषणातच याला एक आधार मिळतो. ३२८ व्या ओळीच्या बारा ओळी आधी ती ईनियसला आपल्या विवाहसंबंधाची आणि आरंभलेल्या विवाहगीतांची शपथ घालते. 'आरंभलेली' हे विशेषण टीकाकार बहुधा हळुवारपणे ओलांडून जातात. गीत सुरू झाले होते, पुरे झाले नव्हते, ही त्यात कबुली आहे. गुहेतल्या त्या प्रसंगाला डायडो विवाह म्हणते आणि त्या नावाखाली आपला दोष झाकते, असे कवीनेच आधी सांगून ठेवले आहे. ईनियस तर उत्तरात स्पष्टच म्हणणार आहे की, वराची मशाल त्याने कधी पुढे केली नव्हती. या पार्श्वभूमीवर बारा ओळींनंतर येणारे 'पर्वुलुस' म्हणजे त्या अर्धवट राहिलेल्या विवाहगीताचे शेवटचे कडवे आहे. ते म्हणणारे दुसरे कोणी नसल्यामुळे वधूने स्वतःच ते म्हटले आहे, आणि तेही संकेतार्थात. कॅटलसच्या गीतात इच्छा भविष्याकडे पाहते; येथे ती 'झाले असते तर' अशी भूतकाळात बंद झाली आहे.

साम्याचा उपयोगही पालटला आहे. विवाहगीतात मुलाचा चेहरा समाजासमोर साक्ष देतो. डायडोच्या दालनात साक्ष घेणारे कोणी नाही. तेथे चेहरा फक्त आठवण देईल. 'काहीही झाले तरी' या अर्थाचे जे अव्यय तेथे येते, त्यात तिने विश्वासघात जमेस धरलेला आहे.

कॅटलसच्याच चौसष्टाव्या काव्यातली आरिआड्ने ही डायडोची पूर्वज आहे, हे सर्वमान्य आहे. दोघीही निघून जाणाऱ्या नायकाला 'विश्वासघातक्या' अशी हाक मारून बोलायला सुरुवात करतात. विवाहसंबंध आणि विवाहगीते यांची जोडीही व्हर्जिलने तेथूनच उचलली आहे. पण कॅटलसच्या आरिआड्नेभोवती लघुत्वदर्शक रूपांची दाटी आहे. तिचे डोळे तसे, तिचे थिजलेले हुंदके तसे. वाचकाने तिच्याकडे कळवळ्याने पाहावे, अशी व्यवस्था निवेदक स्वतः करतो. व्हर्जिलने हा सारा साज काढून घेतला. डायडोच्या डोळ्यांना, अश्रूंना, हातांना त्याने एकही असा प्रत्यय लावलेला नाही. ती राणी आहे आणि निवेदक तिला राणीच म्हणत राहतो. उरले ते एक विशेषण, आणि तेही निवेदकाचे नव्हे, तिचे. कॅटलस वाचकाला रडवतो तेव्हा त्याचा हात दिसतो. व्हर्जिलचा दिसत नाही, आणि या एका बाबतीत तरी त्याची रीत वरचढ आहे.

खुद्द ओळीच्या रचनेत शब्दाला लागून 'आउला' हा शब्द आहे. त्याचा अर्थ राजवाड्याचे प्रशस्त दालन, राजसभा. सर्वांत लहान आणि सर्वांत भव्य अशा दोन शब्दांची ही शेजारणी आहेत. बापाचे नाव पुढच्या ओळीत ढकलले गेले आहे आणि मध्ये 'खेळत असता' हे क्रियापद आहे. कोणत्या दालनात, तर जेथे पहिल्या सर्गात ॲस्केनियसच्या रूपाने आलेला मदन तिच्या मांडीवर बसला होता त्याच घरात. चौथ्या सर्गाच्या आरंभी तर ती खऱ्या ॲस्केनियसला, त्याच्यातल्या बापाच्या छायेने वेडी होऊन, मांडीवर धरून ठेवते. तेथे तिच्यासाठी जे विशेषण वापरले आहे, 'पकडली गेलेली' या अर्थाचे, तेच ३३० व्या ओळीत परत येते. दुसऱ्याच्या मुलावर भागवून झाले आहे. ते तिला पुरले नाही. 'पर्वुलुस'मागे एवढा इतिहास आहे.

ईनियसचे उत्तर याच दृष्टीने वाचण्यासारखे आहे. तो छोट्या ईनियसविषयी एक अक्षर बोलत नाही. पण आपल्या उत्तरात तो ॲस्केनियसचे नाव घेतो. इटलीतील राज्यापासून आपण त्याला वंचित ठेवत आहोत, त्याच्यावर आपल्या हातून अन्याय होत आहे, असे म्हणतो. त्या नावामागे तो 'पुएर' म्हणजे मुलगा, हा साधा शब्द जोडतो. नसलेल्या मुलाला असलेल्या मुलाने दिलेले हे उत्तर आहे. त्याने डायडोचे बोलणे ऐकले नाही असे नव्हे. ऐकले आणि त्यातला प्रत्यय तेवढा काढून टाकला.

रोमन वाचकांना हा शब्द किती टोचला होता, याचा पुरावा ज्युव्हेनलकडे आहे. त्याच्या पाचव्या उपरोधिकेत श्रीमंताच्या पंगतीत अपमान गिळणाऱ्या आश्रिताला सांगितले आहे की, तुला मान हवा असेल तर तुझ्या दालनात छोटा ईनियस खेळता कामा नये, आणि त्याहून लाडकी मुलगीही असू नये. कारण बायको वांझ असली म्हणजे मृत्युपत्रावर डोळा ठेवणारे मित्र गोळा होतात. विशेषण, दालन, खेळणे, नाव हे सगळे जसेच्या तसे उचलले आहे. विडंबन ओळखीच्या गोष्टीचेच होते. या स्थळाची ओळख पटायला रोमन कानाला इतके पुरत होते. ओव्हिडची डायडो (हेरोईदेस, सातवे पत्र) मात्र वेगळा मार्ग घेते. आपण कदाचित गर्भवती आहोत असे ती ईनियसला बजावते, आणि त्या अर्भकाला इउलुसचा भाऊ म्हणते. तेथे लघुत्वदर्शक रूप नाही. असणारही नव्हते, इच्छा धमकीत बदलली की या प्रत्ययाचे काम संपते.

तौलनिक अभ्यासकाला येथे शकुंतला आठवणे साहजिक आहे. साक्षीदारांविना झालेला विवाह, पुरुषाचा नकार, आणि मुलाच्या रूपाने उभा राहणारा पुरावा ही सामग्री दोन्हीकडे आहे. महाभारतात शकुंतला मुलाला घेऊनच राजसभेत येते. कालिदासाच्या सातव्या अंकात तर राजा आधी सिंहाच्या छाव्याशी खेळणारे मूल पाहतो आणि ओळख नंतर पटते. तेथेही मूल खेळते आहे. या साम्याला प्रभावाचे स्वरूप देण्याचे कारण नाही. पण व्हर्जिलने कथेतून काय काढून घेतले, ते यामुळे स्पष्ट दिसते. डायडोकडे युक्तिवाद तोच आहे. पुरावा तेवढा नाही, आणि पुराव्याच्या जागी एक प्रत्यय आहे.

मराठीत हे स्थळ आणायचे तर अडचण वेगळीच उभी राहते. इंग्रजीजवळ विशेषणाला लावता येईल असा जिवंत प्रत्यय जवळजवळ नाहीच. ड्रायडनने १६९७ च्या भाषांतरात सरळ वयवाचक विशेषण वापरले आणि मूळचा गंध उडून गेला. मराठीजवळ मात्र सानुला, तान्हुला, चिमुकला, इवलासा अशी रूपे हवी तेवढी आहेत. ती पाळण्यात, ओवीत आणि अंगाईत शतकानुशतके घोळलेली आहेत. म्हणूनच धोका आहे. आधुनिक मराठी कवितेने यांतली काही रूपे इतकी सढळ वापरली की त्यांचा भाव उतरला आहे. रोमान्स भाषांत असेच झाले: फ्रेंचमध्ये कोकरू, कान, सूर्य यांचे आजचे शब्द मूळच्या लघुत्वदर्शक रूपांतून आले आहेत आणि त्यांत आता लाडाचा मागमूस नाही. 'पर्वुलुस'पासून इटालियनमध्ये 'पार्गोलो' झाले; त्याचा अर्थ नुसते बालक.

दुसरा प्रश्न अर्थाच्या दुहेरीपणाचा आहे. छोटा ईनियस म्हणजे लहानसे मूल, हे खरे. पण बापाचे नाव जोडल्यामुळे तो वारसही आहे. 'चिमुकला ईनियस' म्हटले की लाड पोचतो, वारसा निसटतो. 'धाकला ईनियस' म्हटले की, धाकले धनी किंवा देवास संस्थानाची धाकटी पाती या प्रयोगांत ऐकू येणारा वंशाचा, गादीचा अर्थ जिवंत होतो. ओव्हिडने नेमका तोच पकडला होता. पण मग मांडीवरचे मूल दिसेनासे होते. 'धाकुटा' हे रूप दोहोंच्या मध्ये उभे राहू शकते: त्यात 'धाकटा' ऐकू येतो, घरगुतीपणा आहे आणि आजच्या लिखित मराठीत ते विरळ आहे. हे निर्दोष नाही. लॅटिन शब्दाचा मऊपणा त्यात पुरता उतरत नाही. तरीही 'चिमुकला'पेक्षा ते योग्य ठरावे, कारण येथे गोडव्याहून विरळपणाची गरज मोठी आहे.

अर्थात ही निवड ३२८ व्या ओळीवर करता येणारच नाही; ती दुसऱ्या सर्गातच करावी लागेल. बापाचा हात धरून ट्रॉयमधून बाहेर पडणारा इउलुस भाषांतरकाराच्या हातून सहज 'इवलासा' होईल. प्रसंगच तसा आहे. तो मोह आवरला नाही तर चौथ्या सर्गात डायडोजवळ स्वतःचा शब्द उरणार नाही. आणि पुढे, ६०० व्या ओळीनंतर, जेव्हा तीच डायडो ॲस्केनियसला कापून त्याच्या बापाच्या ताटात वाढायला हवे होते असे म्हणते, तेव्हा मुलाच्या नावामागे काहीच नाही, ते नाव उघडे आहे, हेही जाणवणार नाही. त्यानंतर वीस-पंचवीस ओळींनी ती आपल्या अस्थींतून एखादा सूड घेणारा उठावा अशी प्रार्थना करते. रोमन वाचकाला तेथे हॅनिबल आणि इ. स. पूर्व २१८ ते २०१ चे युद्ध दिसत असे. व्याकरणाने पाहिले तर हा 'एखादा' आणि दालनात खेळू न शकलेला तो 'एखादा' एकाच अनिश्चित सर्वनामाचे आहेत. मराठीत दोन्ही ठिकाणी 'एखादा' हाच शब्द ठेवणे सहज शक्य आहे, आणि तो ठेवला पाहिजे.